आधी दिलेला शब्द : पंडिता रमाबाई
(एस. वाय. बी. ए.)

माणसाची खरी परीक्षा केव्हा होते? उत्साहाच्या भरात एखादा संकल्प सोडणे फारसे अवघड नसते. सभेत टाळ्यांच्या गजरात शपथ घेणे तर त्याहूनही सोपे. पण दिवस पालटतात, सोबती पांगतात, पैसा आटतो, लोक तोंडे फिरवतात, आणि अशा वेळी पूर्वी दिलेला शब्द दाराशी येऊन उभा राहतो. त्या वेळी जो त्याला घरात घेतो, त्याचीच निष्ठा खरी म्हणायची.

आम्ही खारदांड्याची माणसे समुद्रावर जगणारी. हंगाम सुरू होण्याआधीच नाखवा आणि खलाशी यांच्यात बोली ठरते, उचल दिली-घेतली जाते. पुढे जाळ्यात काय येणार हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नसते. बोंबील मिळोत की नुसता केरकचरा, ठरलेली बोली पाळावीच लागते. म्हणूनच, ज्या काळात काहीच हाती नव्हते त्या काळात दिलेले शब्द आयुष्यभर वागवणाऱ्या एका बाईचे चरित्र वाचताना मला ते परके वाटले नाही. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानणाऱ्या त्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्याबद्दल त्यांना जाब विचारण्यात आला, तेव्हा शास्त्राधार दाखवून त्यांनी आपली बाजू मांडली. पुढे रमाबाईंना संस्कृतचे धडे मिळाले ते आईकडूनच. थोरल्या बहिणीचा बालविवाह दुःखाचा ठरल्यामुळे धाकटीचे लग्न लहानपणी करायचे नाही, असेही अनंतशास्त्र्यांनी ठरवले आणि ते पाळले. दिलेल्या शब्दाला जागण्याचा गुण या घरात होताच.

पण या घराला घर असे उरले नव्हते. तीर्थक्षेत्री फिरायचे, देवळात बसून पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची, असे ते कुटुंब भारतभर भटकत होते. त्यातच दक्षिणेत दुष्काळ पडला. दागदागिने गेले, भांडी गेली, अन्न मिळेनासे झाले. वृद्ध, अंध झालेल्या वडिलांनी जलसमाधी घेण्याचे मनात आणले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला. शास्त्र्याचा मुलगा असूनही मोलमजुरी करून सर्वांना पोसण्याची त्याने तयारी दाखवली आणि वडिलांचा तो विचार मागे पडला. तरीही १८७४ साली आधी वडील, मग आई आणि त्यानंतर बहीण अशी माणसे एकामागून एक गेली. देवाची सेवा कर आणि आयुष्यभर सन्मार्गाने चाल, हे वडिलांचे रमाबाईंना अखेरचे सांगणे होते. सोळा वर्षांच्या मुलीने ते पदरी बांधून घेतले. देव कोणता आणि सेवा कशी, हे मात्र तिला पुढे स्वतःच शोधावे लागले.

बहीण-भाऊ पायी चालत देश पालथा घालीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेतली व त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हे लग्न जातीबाहेरचे होते. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्माला आली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी पटकीने गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाईंच्या वाट्याला वैधव्य आले. पदरी दहा महिन्यांची मुलगी, आणि मागे ना माहेर ना सासर!

त्या पुण्याला आल्या. १८८२ च्या जूनमध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची निकड मांडली. स्वतः डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिकिटाचा खर्च बहुतांशी पुस्तकाच्या विक्रीतून निघाला. वाँटेज येथील सेंट मेरी मठातील भगिनींकडे त्यांची राहण्याची सोय झाली. हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे आणि त्या बदल्यात मठाने त्यांना ठेवून घ्यावे, अशी बोली आधीच ठरली होती. फुकटचे अन्न खाणे त्यांना पसंत नव्हते.

वाँटेजला असतानाच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात या बातमीने केवढी खळबळ उडाली असेल याची आपण कल्पना करू शकतो. वस्तुतः हा निर्णय त्यांनी कुणाच्या दबावाखाली घेतला नव्हता. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना पोटाशी धरून नवे जीवन देण्याचे काम त्या भगिनी करीत होत्या आणि ते रमाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ज्या स्त्रीला कुठेच थारा नाही तिला येथे थारा आहे, ही गोष्ट त्यांच्या मनाला जाऊन भिडली. पण ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी आपली बुद्धी कुणाकडे गहाण टाकली नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. मठातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट डोळे मिटून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यावरून मोठा पत्रव्यवहार झाला. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचे शिक्षण राहून गेले. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्यांनी शिकायचे आणि संस्कृत शिकवायचे असे सुरू केले.

१८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. जायचे होते थोड्या दिवसांसाठी, पण मुक्काम जवळजवळ तीन वर्षांचा झाला. ‘द हायकास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले, त्याच्या हजारो प्रती खपल्या. गावोगाव व्याख्याने झाली. आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली.

या असोसिएशनच्या पायात दोन वचने होती. पहिले अमेरिकन मंडळींचे : उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी रमाबाई जी शाळा काढतील तिचा खर्च दहा वर्षे चालवायचा. त्यासाठी ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ निघाली आणि त्यांचे सभासद दरवर्षी वर्गणी देण्यास बांधले गेले. दुसरे वचन रमाबाईंचे : शाळेत कुणावरही धर्म लादायचा नाही, मुलींना आपापले आचारविचार पाळण्याची पूर्ण मोकळीक राहील. लक्षात घ्या, या वेळी शाळेला जागा नव्हती, इमारत नव्हती, एकही विद्यार्थिनी नव्हती. होता तो नुसता शब्द.

फेब्रुवारी १८८९ मध्ये रमाबाई मुंबईला परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आपण खार स्टेशनवर गाडीत बसून चर्नी रोडला उतरतो आणि चौपाटीवर भेळ खाऊन परत येतो. त्याच परिसरात महाराष्ट्रातील विधवांच्या शिक्षणाचा एवढा मोठा आरंभ झाला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? सदन उघडले तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या दोन. त्यांतली विधवा मुलगी म्हणजे गोदूबाई. पुढे ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. त्या विद्यापीठाचे एक संकुल आमच्या दांड्यापासून थोड्याच अंतरावर जुहूला उभे आहे. चौपाटीवर लावलेल्या रोपाची एक फांदी अशी आमच्या किनाऱ्यापर्यंत आली.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्याला हलले. त्याच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे होती. मुलींची संख्या वाढत होती. आणि येथेच त्या दुसऱ्या वचनाची कसोटी लागली.

रमाबाई रोज पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावायचे नाही आणि घालवूनही द्यायचे नाही, असे रमाबाईंचे धोरण होते. पुण्यात कुजबूज सुरू झाली. ‘केसरी’ने कडक टीका केली. काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकतो आहे हे उघड झाले, तेव्हा १८९३ साली सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. वीस-पंचवीस मुलींची पाटी अशी अर्ध्यावर पुसली गेली.

या प्रसंगी कोणाचे चुकले? रमाबाईंच्या चरित्राचा अभ्यास करताना हा प्रश्न टाळून चालणार नाही. रानडे-भांडारकर स्त्रीशिक्षणाचे शत्रू नव्हते, मित्र होते. धर्माला धक्का लागणार नाही या भरवशावर लोकांनी आपल्या विधवा लेकीसुना या सदनात धाडल्या होत्या, आणि तो भरवसा देण्यात आपलीही नावे गुंतली आहेत, ही त्यांची अडचण खरी होती. ज्या शिक्षिकेवर मुलींचे सारे जीवन अवलंबून आहे, तिचे उघडे दार हेसुद्धा एक प्रकारचे बोलावणेच ठरते, असे कुणी म्हटले तर ते अगदीच खोडून काढता येणार नाही. उलट रमाबाईंचे म्हणणे असे होते की, मी लादणार नाही असा शब्द दिला होता, लपवीन असा दिला नव्हता. हिंदू मुलीला तुळशीला पाणी घालण्याची जशी मोकळीक आहे, तशी मला माझ्या खोलीत प्रार्थना करण्याची असली पाहिजे. दार लावून घेतले असते तर कदाचित वाद मिटला असता. पण मग त्यांची श्रद्धा ही चोरून ठेवायची वस्तू झाली असती.

मला स्वतःला असे वाटते की, दोन्ही बाजूंनी एकच शब्द ऐकला, पण त्याचा अर्थ वेगवेगळा घेतला. ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणजे धर्माविषयी मौन की धर्माविषयी मोकळीक, हे आधी उलगडून घ्यायला हवे होते. ते झाले नाही आणि त्याची किंमत कुणी मोजली, तर ज्या मुलींना त्या वादात बोलण्याची संधीच नव्हती त्या मुलींनी. आमच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. त्यामुळे मधूनच शाळा सुटणे म्हणजे काय, हे मला पुस्तकातून समजून घ्यावे लागत नाही. रमाबाईंविषयी पूर्ण आदर बाळगूनही त्या वीस-पंचवीस मुली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मात्र पुढचे पाहिले पाहिजे. एवढा आघात झाल्यावर दुसरे कुणी सदन बंद करून स्वस्थ बसले असते. रमाबाईंनी दहा वर्षांचा शब्द दिला होता आणि त्यातली चारच वर्षे सरली होती. त्या उरलेल्या मुलींना घेऊन कामाला लागल्या. बोस्टनच्या मंडळींनीही आपली मदत थांबवली नाही. एवढेच नव्हे, तर दहा वर्षे संपल्यावर काय करायचे याचा विचार रमाबाईंनी मुदत संपण्याच्या कितीतरी आधी केला. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडे लावली. अमेरिकेचा पैसा बंद होईल त्या वेळी या बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, हा हिशोब होता. दुसऱ्याच्या वचनाची मुदत कधी संपते हे लक्षात ठेवून आपल्या पायावर उभे राहण्याची तयारी करणे, हीसुद्धा निष्ठाच नव्हे काय?

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तशा रमाबाईंना आपल्या लहानपणीच्या भुकेची आठवण झाली असणार. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. निराधार मुली व तरुण विधवा यांचे हाल आणि त्यांना फसवून नेणारी माणसे त्यांनी पाहिली. त्या वेळी त्यांच्याजवळचा पैसा पन्नासएक मुलींपुरताच होता. तरीही तीनशे मुलींना आणायचे असा निश्चय त्यांनी केला. आधी आकडा ठरला, पैसा मागून आला! पुण्यात प्लेग असल्यामुळे या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. त्यांना केडगावच्या शेतावर नेण्यात आले. ज्या जमिनीत बाग फुलवायची होती त्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यातून ‘मुक्ती’ जन्माला आली. त्याच वर्षी पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना जी वागणूक मिळत होती तिच्यावर रमाबाईंनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. सरकारचा आणि आपला धर्म एक, म्हणून गप्प बसावे असे त्यांना वाटले नाही.

मुक्तीचे काम मात्र पहिल्यापासून उघडपणे ख्रिस्ती होते. तेथे कुणाची फसगत नव्हती, कारण पाटीवर जे होते तेच घरात होते. शारदा सदनाच्या वेळी जो शब्दाचा घोळ झाला तो येथे उरला नाही. दहा वर्षांची मुदत भरत आली तेव्हा, १८९८ मध्ये, रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. दहा वर्षांच्या कामाचा हिशोब त्यांनी मांडला. जुन्या असोसिएशनचे वचन पुरे झाले होते. तिच्या जागी नवी असोसिएशन उभी राहिली.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना रोज जेवायला घालणे म्हणजे काही खेळ नव्हे. विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना अशा कामांतून या स्त्रिया स्वतःच्या हाताने मिळवून खायला शिकल्या. मनोरमेने अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याचे काम अंगावर घेतले. समाजाने पतित म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. वाँटेजला तरुण रमाबाईंनी जे पाहिले होते, ते आता त्यांच्या अंगणात घडत होते.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आणखी एक काम हाती घेतले. बायबलचे प्रचलित मराठी भाषांतर अडाणी बायकांना समजत नाही असे त्यांना वाटे. संस्कृतात पारंगत असलेल्या या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द बाजूला ठेवले आणि साध्या बोलीत संपूर्ण बायबल नव्याने उतरवायचे ठरवले. त्यासाठी पंचेचाळिशीच्या पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीच्याच मुलींनी त्याचे खिळे जुळवले. हे काम अठराएक वर्षे चालले. मध्यंतरी कानांनी जवळजवळ साथ सोडली होती, शरीर थकले होते. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. पण सर्वांत मोठा घाव अजून व्हायचा होता. जिच्यावर सारा भार सोपवायचा, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधीच गेली. रमाबाईंनी हातातले काम खाली ठेवले नाही. शेवटची प्रुफे तपासून झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रमाबाईंच्या मृत्यूला आज शंभराहून अधिक वर्षे उलटली. केडगावची मुक्ती अजूनही निराधार स्त्रिया व मुलांना आसरा देत आहे. १९८९ मध्ये भारत सरकारने रमाबाईंचे टपाल तिकीट काढले. तरीही महाराष्ट्राने त्यांना बराच काळ थोडेसे अंगणातच उभे ठेवले. ख्रिस्ती झाल्या म्हणून हिंदूंना त्या परक्या वाटल्या आणि कुणाच्या ताटाखालचे मांजर झाल्या नाहीत म्हणून मिशनऱ्यांनाही पुरत्या आपल्या वाटल्या नाहीत.

त्यांच्या धर्मांतराविषयी आपले मत काहीही असो, त्यांच्या जीवनातून एक गोष्ट आपण विद्यार्थ्यांनी घ्यावी असे मला वाटते. संकटाच्या वेळी रमाबाईंना काय करायचे याचा नव्याने निर्णय घ्यावा लागला नाही, कारण तो त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता. वादळ उठल्यावर होडीची डागडुजी करता येत नाही. ती किनाऱ्यावर असतानाच करावी लागते. वडिलांच्या मृत्युशय्येपाशी, वाँटेजच्या मठात, बोस्टनच्या सभेत, मध्य प्रांताच्या दुष्काळात, प्रत्येक ठिकाणी त्यांनी आधी शब्द दिला आणि मग तो निभावण्यासाठी जन्माचे रान केले. आपणही आज कॉलेजच्या या चार भिंतींत पुष्कळ संकल्प सोडतो. कुणी गावात वाचनालय काढीन म्हणतो, कुणी धाकट्या भावंडांना शिकवीन म्हणते. सोडताना त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा, म्हणजे पुढे त्यासाठी दुसऱ्या कुणाला किंमत मोजावी लागणार नाही. आणि एकदा सोडले की फळ मिळो न मिळो, मुदत संपेपर्यंत हात मागे घेऊ नये. पंडिता रमाबाईंना याहून चांगली आदरांजली दुसरी कोणती असणार?